मीना आधी, चांदी नंतर: नॉर्वे-डेन्मार्कचे जुने रंगीत चांदीचे चमचे घेताना आणि वापरताना

प्रश्न थोडक्यात असा. नॉर्वेतल्या स्टावान्गरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात डबीतले सहा कॉफीचे चमचे घेतले. प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा मीना, म्हणजे काचेचा थर, आतून सोनेरी, मागे '९२५ एस' आणि 'नॉर्वे स्टर्लिंग' असे ठसे. ते खरे आहेत का, रोज वापरता येतील का, काळवंडलेला भाग घरच्या चांदीसारखा रांगोळी-चिंचेने घासायचा का, आणखी जमवायचे तर काय पाहून घ्यावं, आणि पांढऱ्या चमच्याच्या टोकाचा टवका उडालाय तो भरून मिळेल का?

आपल्याकडे चांदीची वस्तू हातात आली की आधी वजन आणि टंच विचारतात. इथे ती सवय थोडा वेळ बाजूला ठेवा. असा एक चमचा साधारण नऊ-दहा सेंटिमीटर लांब आणि दहा ग्रॅमच्या आसपास असतो. सहांचे साठ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी फार तर पंचावन्न ग्रॅम, तीही थोडी कमीच, कारण त्या साठात मीन्याचं म्हणजे काचेचं वजनही आलं. मोडीच्या भावाने हा हिशेब फारसा कुठे जात नाही. तुम्ही पैसे मोजले ते चांदीवर वितळवून बसवलेल्या पाव-अर्धा मिलिमीटर जाडीच्या काचेच्या थरासाठी. चांदीला पोचा आला तर काढता येतो, ती काळी पडली तर उजळता येते. काच गेली की गेली. घेताना, वापरताना, धुताना जे जे सांभाळायचं ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

ही काच चांदीवर कशी बसते ते कळलं की पुढचं अर्धं आपोआप कळतं. रंगीत काचेची बारीक पूड पाण्यात ओली करून धातूवर पसरतात, वाळवतात, आणि साडेसातशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटं धरतात. पूड वितळून गुळगुळीत होते. एका थरात रंग भरत नाही, म्हणून हे तीन-चार वेळा करावं लागतं. स्टर्लिंग चांदी स्वतः आठशे अंशांच्या आसपास वितळायला लागते, म्हणजे कारागिराच्या हातात मोकळीक फार थोडी. शिवाय तापल्यावर चांदी काचेपेक्षा जास्त फुगते आणि थंड होताना जास्त आकसते. त्यामुळे वरची काच कायम दाबाखाली बसलेली असते. दाब काच पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. चमचा जरा वाकला की एका बाजूची काच ताणली जाते आणि तिथे केसाएवढा तडा जातो. वाकलेला चमचा हाताने सरळ करायला गेलात की उरलेलं कामही होतं.

जयपूरचा मीना आपल्या ओळखीचा आहे. तिथे धातूत नक्षी कोरून खळगे करतात आणि खळग्यात मीना भरतात. धातूची कड मीन्याच्या बरोबरीने उभी असते, ती मार खाते. नॉर्वे-डेन्मार्कच्या बहुतेक चमच्यांवर वेगळी रीत आहे, तिला गियोशे म्हणतात. चांदीवर यंत्राने लाटांची किंवा किरणांची बारीक नक्षी कोरतात (स्वस्त मालात ती ठशाने दाबून उठवलेली असते) आणि वरून पारदर्शक रंगाचा थर देतात. चमचा फिरवला की आतून उजेड हलल्यासारखा दिसतो तो या नक्षीमुळे. पण इथे मीना जवळजवळ काठापर्यंत पसरलेला असतो आणि काठाला चांदीची अगदी बारीक रेघ उरते. म्हणून टवके उडतात ते काठालाच. चमच्याच्या खोलगट भागाच्या पाठीवर मीना असेल तर सर्वांत आधी टोक जातं, कारण ढवळताना कपाच्या तळाला आणि भिंतीला तेच लागतं. तुमच्या पांढऱ्या चमच्याचं नेमकं तेच झालंय.

ठसे काय सांगतात

'९२५ एस' म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, आपल्या भाषेत साडेब्याण्णव टंच. 'स्टर्लिंग' हा इंग्रजी शब्द आणि देशाचं इंग्रजी नाव असेल तर माल बहुधा परदेशी गिऱ्हाइकासाठी, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तुमच्या डबीवर विकणाऱ्याने '१९२० च्या सुमाराचे' लिहिलं असेल तर मनावर घेऊ नका. नॉर्वेच्या कारखान्यांनी हेच नमुने कित्येक दशकं काढले.

मात्र स्कँडिनेव्हियाची सगळी चांदी स्टर्लिंग असते असं समजू नका. नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ८३० चा माल भरपूर आहे. नॉर्वेत 'एस' अक्षरासह ८३० दिसेल. फिनलंडमध्ये ८१३ आणि ९१६ असे आकडे 'एच' अक्षरासह येतात. विकणारे यातल्या सगळ्याला सरसकट 'स्टर्लिंग' म्हणतात. ८३० ची चांदी वाईट नाही, उलट थोडी कडक असल्याने चमच्याला बरीच. फक्त साडेब्याण्णवचा भाव देऊन त्र्याऐंशी टंच घेऊ नये.

वर्ष सर्वांत चोख कळतं ते स्वीडनच्या मालावर. तीन मुकुट, 'एस' अक्षराचा ठसा, आणि शेजारी एक अक्षर व एक अंक. १९२७ सालाला 'ए८', तिथून दर वर्षी एक अक्षर पुढे, 'जे' आणि 'डब्ल्यू' गाळून. चोवीस वर्षांनी, म्हणजे १९५१ ला, 'ए९'. तेव्हा 'जी९' दिसलं की १९५७. मुकुटांची चौकट त्रिदळी, मांजराच्या पावलासारखी, असेल तर माल तिथलाच. चौकट लंबगोल असेल तर बाहेरून आणून तिथे तपासलेला. नॉर्वेचा मीना स्वीडनच्या दुकानात विकला गेला की असा ठसा मिळतो आणि सालाचा धागा सापडतो.

डेन्मार्कच्या जुन्या मालावर तीन बुरूज आणि खाली सालाचे शेवटचे दोन अंक असतात. बुरुजांखाली ४७ म्हणजे १९४७. नॉर्वेला अशी सोय नाही. तिथे कारखान्याचा ठसा वाचावा लागतो. डेव्हिड-अँडरसन (स्थापना १८७६) यांच्या ठशात तराजू असतो. जे. टोस्ट्रुप (१८३२) यांच्या ठशाशेजारी शहराचं नाव 'क्रिस्तियानिया' असेल तर वस्तू १९२५ च्या आधीची, कारण त्या वर्षापासून शहराचं नाव ओस्लो झालं. अक्सेल होल्मसेन, हरोआर प्रिट्झ, ईवार होल्थ, ओप्रो, बेर्गेनचे मारिउस हामर ही नावंही वारंवार येतील. डेन्मार्ककडे मिकेलसेन, मेका, फ्रिगास्ट.

डबीच्या झाकणाआड रेशमावर छापलेलं नाव पाहून वस्तू कोणाची ते ठरवू नका. ते बहुतेकदा दुकानदाराचं असतं. कारखाना चमच्याच्या पाठीवर शोधायचा, दहापट भिंगाने. सहाही चमच्यांचे ठसे एकाच छापाचे आहेत का ते बघा. रंगीबेरंगी संचात प्रत्येक रंग एकदाच असतो. दोन निळे आणि पिवळा गायब असेल तर कधीतरी एक हरवलाय आणि दुसऱ्या संचातून भर घातली आहे. त्याने वस्तू खोटी ठरत नाही, पण किंमत उतरते.

'एनएस', 'आल्प', 'ईपीएनएस', '४० जीआर' असं काही दिसलं तर ते चांदीचं पाणी दिलेलं काम आहे. नॉर्वेच्याच हाल्देन गावच्या काथरीनेहोल्मची कमळाच्या पाकळ्यांची रंगीत भांडी हल्ली सगळीकडे दिसतात; ती पोलादावर मीना दिलेली, स्वयंपाकघरातली भांडी. सुंदर आहेत, पण चांदीशी त्यांचा संबंध नाही. गोंधळ होतो तो ग्रेटे प्रिट्झ किटेल्सेन यांच्या नावामुळे. त्यांनी टोस्ट्रुपसाठी चांदीवर मीन्याचं अव्वल काम केलं आणि काथरीनेहोल्मसाठीही आकार दिले. पाकळ्यांची नक्षी मात्र आर्ने क्लाउसेन यांची.

भारतात आणून सराफाकडे तपासणार असाल तर एक जपा. टंच काढायचं किरणांचं मशीन पृष्ठभागच वाचतं. सोन्याचा मुलामा असलेल्या जागी ठेवलंत तर आकडा भलताच येईल. मुलामा नसलेली जागा, बहुतेकदा दांडीच्या पाठीवर ठशाजवळची, तिथेच धरायला सांगा. कसोटीवर घासू देऊ नका आणि तेजाबाचा थेंबही टाकू देऊ नका. ठसे नीट वाचता आले तर या तपासणीची गरजही क्वचितच पडते.

मीना कसा तपासायचा

इथे घाई करू नये. चमचा खिडकीशी न्या, उजेड तिरका पडेल असा धरा आणि सावकाश फिरवा. समोरून पाहिलं तर केसतडा दिसत नाही; तिरक्या उजेडात तो चमकत्या धाग्यासारखा एकदम उठून येतो. मग सगळ्या काठावरून नख फिरवा. जिथे नख अडतं तिथे टवका आहे किंवा कोणीतरी भरलेली जागा आहे.

भरलेली जागा ओळखायची तर रंगापेक्षा चमक पाहा. काच आणि राळ शेजारी असल्या की उजेड दोघींवरून सारखा परतत नाही. राळ जरा मऊ, मेणासारखी दिसते. ओठांना लावून पाहा, काच थंड लागते आणि राळ तितकी नाही. अंधारात अतिनील किरणांची छोटी बॅटरी मारली तर राळ पुष्कळदा फिकट निळसर-पांढरी उजळते आणि शेजारचा मीना वेगळा दिसतो. सुई टोचून पाहू नका. वस्तू अजून तुमची झालेली नाही.

पारदर्शक मीन्याखाली ढगासारखी काळसर छटा दिसली तर समजा की तड्यातून ओल आत गेली आहे आणि काचेखालची चांदी काळी पडली आहे. ती कशानेही निघत नाही, कारण तिथवर फडकंच पोचत नाही. एखादा डाग गुळगुळीत पण निस्तेज, वाफ बसलेल्या आरशासारखा असेल तर मीना आम्लाने खाल्लेला आहे. लिंबू, व्हिनेगर किंवा चांदी झटपट चमकवणाऱ्या द्रावणाचा तो पराक्रम असतो.

रंगांमध्येही डावं-उजवं आहे. निळे आणि हिरवे सहसा टिकाऊ. लालची गोष्ट वेगळी: पारदर्शक लाल सरळ चांदीवर दिला तर चांदीशी प्रक्रिया होऊन तो तपकिरी-पिवळट वळतो, म्हणून खाली आधी बिनरंगी थर द्यावा लागतो किंवा सोन्याचा वर्ख. जुना, स्वच्छ, खोल लाल मीना दिसला तर तो कुशल हाताचा आहे असं खुशाल समजा. लाल-केशरी-पिवळे मीने आम्लाला लवकर बळी पडतात, त्यामुळे संचात दुखणं शोधायचं तर आधी या तिघांकडे पाहा. पांढऱ्यावर तडा सर्वांत उशिरा दिसतो, म्हणून तो शेवटी आणि भिंगाखाली.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: ठसा जवळून, खोलगट भागाची पाठ, काठ आडवा धरून, आणि सगळे चमचे तिरक्या उजेडात. 'वयानुसार स्थिती' असं लिहून काठाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. नॉर्वेत या चमच्यांना 'मोक्काशे' म्हणतात. त्या नावाने शोधलं तर इंग्रजी नावाने शोधण्यापेक्षा माल जास्त आणि बरेचदा भाव रास्त.

आणखी जमवायचं असेल तर नामांकित पण टवके उडालेला संच घेण्यापेक्षा कमी नावाच्या कारखान्याचा बिनडागी संच घ्या. त्यानंतर मिठाच्या छोट्या वाट्या आणि त्यांच्या चिमुकल्या चमच्यांची जोडी, बाहेरून मीना आणि आतून मुलामा. काहींना आत काचेची वाटी असते. मिळाल्यास तशीच घ्या, का ते पुढे येईल. एकाच मालिकेची हौस असेल तर मिकेलसेनचे नाताळचे चमचे आहेत. कोपनहेगनच्या या घराने १९१० पासून दर नाताळला एक असे काढले, मुलामा दिलेल्या चांदीवर रंगीत मीना. ते रोजच्या चहाचे नव्हेत, पण वर्ष चमच्यावरच असल्याने नवशिक्याची फसगत कमी होते.

पाठ नसलेला मीना, ज्याला प्लिक-आ-जूर म्हणतात, तो अगदी वेगळा जीव. तारेच्या घरांत नुसती काच, मागे चांदी नाही, उजेड आरपार. १९०० च्या आसपास नॉर्वे यात जगात पहिल्या रांगेत होता. टोस्ट्रुपकडे तोरोल्फ प्रिट्झ, डेव्हिड-अँडरसनकडे गुस्ताव गाउडरनाक. घेताना दिव्यासमोर धरून एकेक घर पाहायचं. एखादं घर शेजाऱ्यांपेक्षा जास्त गढूळ किंवा बुडबुड्यांचं असेल तर ते नंतर राळेने भरलेलं असण्याची शक्यता मोठी. असा चमचा काचेच्या कपाटात शोभतो. कपात बुडवायचा नाही, एकदाही.

रोज वापरायचे का?

गियोशेचे चमचे वापरायला हरकत नाही, ते वापरासाठीच केलेत. कॉफीत साखर ढवळा, बासुंदी खा. चहा-कॉफीची उष्णता त्यांना चालते, चालत नाही तो झटका. फ्रीजमधून काढलेला चमचा उकळत्या चहात किंवा चहातला चमचा थेट नळाच्या थंड पाण्याखाली, हे दोन्ही नको. घट्ट गोठलेलं आइसक्रीम खरवडायचं नाही, कारण तिथे दांडी वाकते, आणि वाकलं की काय होतं ते वर आलंच आहे. कपाच्या काठावर टकटक करून थेंब झटकायची सवय घरातल्या प्रत्येकाला असते. ती मोडावी लागेल.

चांदीला काळं करणारा मुख्य शत्रू गंधक. अंडं, कांदा, लसूण, मोहरी, हिंग, सगळ्यांत गंधकाची संयुगं. मीठ चांदीला खड्डे पाडतं, आंबट मीन्याला खातं. आता आपलं कैरीचं लोणचं आठवा: मीठ, मोहरी, हिंग, कैरीचा आंबटपणा. सगळे शत्रू एका बरणीत. तिथे लोणच्याचा म्हणून जो नाजूक मीन्याचा काटा विकतात त्याने वाढायला काकडीची फोड बरी. आपलं लोणचं चिनीमातीत आणि लाकडी चमच्यानेच बरं.

मिठाच्या वाटीचंही तेच. जेवण झालं की वाटी रिकामी, त्याच रात्री, आत काचेची वाटी असली तरी. ओलं मीठ एक पावसाळा आत राहिलं तर मुलाम्यातून फुटून हिरवट-करडे ठिपके येतात आणि ते खड्डे कायमचे.

आतल्या बाजूला मीना असलेली छोटी तबकं मिळतात. जुन्या मीन्यात शिसं असू शकतं, काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम. त्यात कोरडं ठेवा: बडीशेप, सुपारी, बदाम-काजू. श्रीखंड, फळांच्या फोडी, लिंबू नको. हळदीकुंकवाला काढायचा मोह होईल, पण कुंकू बारीक टवक्यांत आणि तड्यांत शिरून बसतं आणि पांढऱ्या मीन्यावर गुलाबी रेघा कायम राहतात. बाळाच्या उष्टावणाला भेट म्हणून तर असा चमचा देऊच नका. बाळ चावणार, टवका उडणार आणि तो काचेचा असणार. त्यासाठी साधी चांदीची वाटी-चमचा, जसा सराफाकडे मिळतो तसाच ठीक.

धुणं आणि उजळणं

रांगोळी, राख, टूथपेस्ट, भांडी चकचकीत करायची पावडर: यांचे कण मीन्यावर बारीक चरे पाडतात आणि पातळ मुलामा दोन-चार वेळांत उडवतात. चिंच-लिंबू मीना खातात. चांदी बुडवून चमकवायच्या द्रावणात आम्ल असतं, तेही नाही. अॅल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा गरम पाण्यातला उपाय साध्या चांदीला चालतो. इथे उष्णतेचा झटका बसतो आणि पाणी तड्यांत शिरतं. आवाजाच्या लहरींनी साफ करणारं मशीन सुटत आलेले तुकडे सगळे सोडवून देतं. सराफ 'उजाळा' देतो म्हणजे बहुतेक ठिकाणी रिठ्याच्या पाण्यात उकळणं, तेजाब आणि पितळी तारांचा ब्रश. तीनही घातक. पुण्यात सासूबाईंकडे संच पाठवणार असाल तर सोबत एवढी चिठ्ठी नक्की ठेवा, कारण दिवाळीआधी घरातली सगळी चांदी एकाच पिशवीतून उजाळ्याला जाते.

करायचं ते इतकंच. प्लास्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेल घाला. सिंकमध्ये नको, नळावर आपटून जितके टवके उडतात तितके जेवणात उडत नसावेत. लिटरभर कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊन लागेल असं, आणि भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब. एका वेळी एकच चमचा. मऊ सुती फडक्याने पुसल्यासारखं धुवा, भिजत ठेवू नका. तडा असलेला चमचा तर पाण्यात बुडवूच नका. ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या. धुतलेल्यांना त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याने खळबळा, टिपून घ्या, आणि दांडीच्या खाचांत ओल राहू नये म्हणून गार हवेचा ड्रायर मिनिटभर.

साधी चांदी काळी पडली असेल, उदाहरणार्थ दांडीची पाठ, तर अवक्षेपित खडूची (रासायनिक रीतीने तयार केलेल्या खडूची) अतिबारीक पूड शुद्ध पाण्यात कालवा, पातळ खिरीसारखी. कापसाच्या काडीने फक्त चांदीवर, हलक्या हाताने, मीन्याच्या काठापासून मिलिमीटरभर अलीकडे थांबून. तेवढी काळी रेघ राहू द्या. ती घासायच्या नादात पूड काठाखाली जाते आणि पांढरी होऊन तिथेच बसते. फळ्यावरचा खडू वापरू नका, त्यात खर असते. सोन्याच्या मुलाम्याला कोणतंच पॉलिश नाही. साबणाचं पाणी, बस.

ठेवताना प्रत्येक चमचा वेगळा, धुतलेल्या जुन्या मलमलीत किंवा चांदीसाठी मिळणाऱ्या कापडात. रबर बँड कधीही नाही, त्यातलं गंधक कापडातूनही चांदीवर रेघ उमटवतं. लोकरीचं अस्तर आणि वर्तमानपत्रही नको. मूळ डबीला जुना वास असेल, कुबट ओल असेल, तर डबी जपा पण चमचे बाहेर ठेवा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि चार-पाच आठवड्यांनी बदला. स्टावान्गरची हवाही दमट आहेच, तिथेही हेच.

पांढऱ्या चमच्याचा टवका

तो खरा मीना भरून मिळणार नाही असं धरून चाला. नवा मीना बसवायचा तर जुना सगळा काढून चमचा पुन्हा भट्टीत घालावा लागतो. मुलामा बिघडतो, झाळलेले सांधे असतील तर सुटू शकतात, खालची नक्षी मऊ पडते, आणि नवा पांढरा बाकीच्या पाचांच्या चमकीशी जुळेल याची खात्री कोणी प्रामाणिक कारागीर देणार नाही. शेवटी हातात येतो तो नवा मीना दिलेला जुना चमचा. सराफ 'डाग देऊन देतो', म्हणजे झाळून देतो, म्हणाला तर त्याला फुंकणीजवळ जाऊ देऊ नका. एका बाजूने आच लागली की उरलेली काचही उडते.

दुसरा मार्ग थंड भरणाचा. काच-मीन्याच्या जतनाचं काम करणारे 'पॅरालॉइड बी-७२' ही अॅक्रिलिक राळ रंग मिसळून टवक्यात भरतात. ती भट्टीशिवाय बसते, अॅसिटोनने पुन्हा काढता येते, आणि उघडी पडलेली चांदी झाकते. पण गरम कॉफीत ती मऊ पडते, म्हणून भरल्यावर तो चमचा वापरातून बाद. पुढे कधी संच विकलात तर हे सांगून विका. घरी दुकानातली झटपट चिकटणारी गोंदं किंवा नेलपॉलिश लावू नका. ती पिवळी पडतात आणि काढताना शेजारचा धड मीना घेऊन जातात.

टवका मोहरीच्या दाण्याएवढा असेल आणि त्याच्या कडा बोटाला बोचत नसतील तर काहीच न करता पाच चमचे वापरात ठेवा आणि पांढरा डबीत. बोचत असतील, म्हणजे कडेची काच अजून सुटते आहे, तर तो आजपासून कपात घालू नका. सुटलेला तुकडा सापडला असेल तर फेकू नका. कागदाच्या पुडीत बांधून डबीतच ठेवा, जतन करणाऱ्याला तो जागच्या जागी बसवता येतो.